उत्तर देण्याआधी

(अभ्यासपाठ : मंडळीचे सभासद व शब्बाथशाळेचे शिक्षक यांच्यासाठी)

शास्त्रवाचन : १ राजे १९:१-१८; लूक २४:१३-३२; योहान ११:१७-३७
पाठांतरासाठी वचन : नीतिसूत्रे १८:१३

प्रस्तावना



समोरच्याचे पुरते ऐकण्याआधीच जो उत्तर देऊन मोकळा होतो त्याला नीतिसूत्रांचा लेखक शहाणा म्हणत नाही. ती त्याची फजिती होय, असे तो म्हणतो. हे वचन आपण शब्बाथशाळेत मुलांना शिस्त लावण्यासाठी वापरतो. खरे पाहता ते मोठ्यांसाठी आहे, आणि त्यातही वचनाची सेवा करणाऱ्यांसाठी. कारण ज्याला पुष्कळ वचने पाठ आहेत त्यालाच उत्तर देण्याची घाई अधिक होते.

उपासना संपल्यावर एखादी बहीण दाराशी थांबते. ती दोन वाक्ये बोलते न बोलते तोच आपल्याला एक वचन आठवते. आपण ते सांगतो, उभ्या उभ्या प्रार्थना करतो, आणि ती "आमेन" म्हणून घरी जाते. जे तिसरे वाक्य बोलायला ती आली होती ते तिच्याजवळच राहते. वचन खरे होते, प्रार्थनाही मनापासून केलेली होती; परंतु ज्या जखमेवर औषध लावायचे ती जखम आपण पाहिलीच नव्हती.

दुखावलेल्या एका माणसाजवळ कसे बसावे, हे ज्यांचे रोजचे काम आहे अशा लोकांना समुपदेशक किंवा मानसोपचारक म्हणतात. त्यांची रीत कोणती, तिच्यातील काय पवित्र शास्त्रात पूर्वीच दाखविलेले आहे, आणि कोणत्या गोष्टी आपण त्यांच्यावरच सोपवाव्यात, याचा विचार या पाठात करू.

१. दोन बहिणी, एकच वाक्य

लाजर मरून चार दिवस झाले होते. प्रभू बेथानीस आला तेव्हा मार्था पुढे होऊन त्याला भेटली; मागाहून मरीया आली. दोघींनी त्याला जवळजवळ एकच वाक्य म्हटले : तू येथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता (योहान ११:२१ व ३२ ताडून पाहावे). वाक्य एक, दुःख एक, भाऊही एकच. तरी प्रभूची वागणूक दोघींशी निराळी आहे.

मार्थेशी तो बोलतो. पुनरुत्थानाविषयी सांगतो, तिला प्रश्न विचारतो आणि तिच्या तोंडून विश्वासाची कबुली घेतो. मार्था बोलून, विचार करून सावरणारी बाई होती. मरीया मात्र त्याच्या पायांशी पडून रडू लागली. तिला त्याने शिकवण दिली नाही. तो आत्म्यात व्याकूळ झाला, लाजराला कोठे ठेवले आहे एवढेच त्याने विचारले, आणि तो रडला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. काही वेळाने लाजर कबरेतून बाहेर येणार हे प्रभूला ठाऊक होते. ज्याच्याजवळ उत्तर होते तोच रडला. उत्तर ठाऊक आहे म्हणून रडणे वगळावे, असे त्याने केले नाही. आपल्याजवळ पुनरुत्थानाची आशा आहे; ती दुःखिताला सांगायचीच आहे. पण ती ठाऊक आहे एवढ्यावरून मरीयेशी मार्थेप्रमाणे बोलण्याची मोकळीक आपल्याला मिळत नाही.

शुभवर्तमानांत सर्वत्र हेच दिसते. निकदेमाला रात्री वेळ दिली, शोमरोनी स्त्रीकडे भर दुपारी पाणी मागितले, जक्कयाच्या घरी स्वतः होऊन पाहुणा गेला, बेथेस्दा तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला बरे होण्याची इच्छा आहे काय असे विचारले. प्रभूने दोन माणसांना एका साच्यात बसविले नाही.

२. कार्ल रॉजर्स यांना काय आढळले

आजच्या समुपदेशनाच्या रीतीवर ज्यांची छाप फार मोठी आहे त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७). ते कडक शिस्तीच्या प्रॉटेस्टंट घराण्यात वाढले. १९२२ साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या एका जागतिक परिषदेसाठी ते चीनमध्ये पेकिंग येथे गेले होते. पुढे ख्रिस्ती सेवेची तयारी करण्यासाठी न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दोन वर्षे शिकले. परंतु विश्वासाची ठराविक सूत्रे मान्य करावीच लागतील असे काम आपल्याला नको, असे वाटून ते मानसशास्त्राकडे वळले. १९२८ पासून सुमारे बारा वर्षे त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे अडचणीतील मुलांसाठी काम केले.

तेथील एक अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. एका खोडकर, अनावर मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. आईने लहानपणी मुलाला दूर लोटले हे त्याच्या वागण्याचे मूळ आहे, असे त्यांचे निदान होते. अनेक भेटींत त्यांनी हे तिला हळुवारपणे पटवण्याचा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी हार मानली. आपण दोघांनीही प्रयत्न केला, आता थांबू या, असे ते म्हणाले आणि बाईंनाही ते पटले. निरोप घेऊन त्या दारापर्यंत गेल्या, मग वळल्या आणि त्यांनी विचारले की येथे मोठ्या माणसांनाही सल्ला मिळतो काय. मिळतो म्हटल्यावर त्या परत खुर्चीत येऊन बसल्या आणि आपल्या संसाराचे, नवऱ्याशी बिघडलेल्या संबंधाचे सगळे दुःख त्यांनी ओतले. पूर्वीच्या भेटींत दिलेल्या नीटनेटक्या माहितीशी त्याचे काहीच साम्य नव्हते. खरी मदत त्या दिवशी सुरू झाली, आणि पुढे आईला व मुलाला दोघांनाही तिचा लाभ झाला.

यावरून रॉजर्स यांनी धडा घेतला तो असा : कोठे दुखते, कोणत्या दिशेने जायचे आणि मनात खोल काय दाबून ठेवले आहे, हे मदतीसाठी आलेल्या माणसालाच ठाऊक असते. ऐकणाऱ्याला आपली हुशारी दाखवायची नसेल तर त्याने त्या माणसाच्या मागून चालावे.

१९४२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी अशा माणसाला 'रुग्ण' म्हणण्याऐवजी 'क्लायंट' म्हटले. वकिलाकडे अशील जातो त्याप्रमाणे हा स्वतःच्या पायांनी आलेला, स्वतःच्या आयुष्याचा निर्णय स्वतःच्या हाती असलेला माणूस आहे, हा त्यातील भाव. त्यांच्या पद्धतीला पुढे 'व्यक्तिकेंद्री' असे नाव पडले.

३. ऐकणाऱ्याच्या ठायी तीन गोष्टी

१९५७ साली रॉजर्स यांनी एका लेखात समुपदेशकाच्या ठायी कोणते गुण असावेत हे मांडले. त्यांतील तीन आज समुपदेशनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवितात.

(अ) सच्चेपणा. आत एक आणि बाहेर एक असे नसावे. कंटाळा आला असताना गोड हसू आणणे, समजले नसताना मान डोलावणे, हे दुःखी माणसाला लगेच कळते. "थांबा, हे मला नीट समजले नाही, पुन्हा सांगाल का?" हे वाक्य खोट्या सहानुभूतीपेक्षा अधिक प्रेमाचे आहे.

(आ) बिनशर्त आदर. तू असा वागलास तर तुला मान देईन, अशी अट न घालता माणसाला माणूस म्हणून मान देणे. येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. आदर देणे म्हणजे केलेल्या कृत्याला संमती देणे नव्हे. दारूच्या व्यसनात सापडलेल्या भावाचे ऐकून घेणारा मनुष्य दारूला होकार देत नसतो. प्रभू जक्कयाच्या घरी जेवायला गेला तेव्हा त्याने लुबाडणुकीला मान्यता दिली नाही. आणि लुबाडलेले परत करण्याचा विचार जक्कयाने बोलून दाखविला तो प्रभू घरी आल्यानंतर, आधी नव्हे.

(इ) समानुभूती. दुसऱ्याचे मन आपलेच असल्याप्रमाणे जाणणे, पण ते आपले नाही हे न विसरणे. यातील दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. बुडणाऱ्यासाठी आपणही उडी टाकून बुडालो तर दोघेही गेले. पुष्कळ कनवाळू माणसे दुसऱ्याचे ऐकता ऐकता स्वतःच रडून कोलमडतात. मग ज्याचे दुःख त्यालाच त्यांची समजूत घालावी लागते.

समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगून "असेच ना?" असे विचारणे ही या पद्धतीची नेहमीची रीत आहे. तिची पोपटपंची होऊ शकते, आणि तशी ती झालेली पाहून खुद्द रॉजर्स यांनाही वाईट वाटे. समजले की नाही याची खात्री करून घेणे हा तिचा हेतू आहे.

रॉजर्स यांचे सगळेच आपण स्वीकारावे असे नाही. मनुष्याच्या अंतरंगाचा गाभा भरवशाचा आहे, योग्य वातावरण मिळाले की तो आपोआप चांगल्याकडे वाढतो, असे ते मानीत. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सातवा अध्याय आपल्याला वेगळे सांगतो : चांगले करावेसे वाटते, पण हातून होत नाही. माणसाला ऐकणारा हवा, तसा तारणाराही हवा. तरीपण एक प्रश्न आपण स्वतःला विचारावा. देवाने आपल्याला अट न घालता जवळ केले, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला (रोमकरांस ५:८), असे आपण दर रविवारी ऐकतो. मग बिनशर्त आदर जगाला सेमिनरी सोडून गेलेल्या माणसाने शिकवावा आणि आपल्या मंडळीत तो दुर्मीळ असावा, हे कसे?

मंडळीचाही या कामात वाटा आहे, हे येथे सांगितले पाहिजे. अँटन बॉयसन नावाचे अमेरिकन पाळक १९२० साली स्वतः मानसिक आजाराने रुग्णालयात होते. बरे झाल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मसेवक झाले, आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी ईश्वरविज्ञानाच्या काही विद्यार्थ्यांना तेथे रुग्णांच्या सहवासात शिकण्यासाठी आणले. ग्रंथ जितक्या काळजीने वाचतो तितक्या काळजीने दुःखी माणूस वाचावा, हा त्यांचा आग्रह होता. आज जगभर पाळकांना रुग्णालयात जे प्रशिक्षण मिळते त्याच्या मुळाशी हा प्रयोग आहे.

४. देवाने एलीयाचे कसे ऐकले

आता १ राजे १९ उघडावे. कर्मेलावरील विजयानंतर एलीया ईजबेलीच्या धमकीने पळाला, रतामाच्या झुडुपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले. देवाच्या सेवकालाही इतके निराश वाटू शकते, हे पवित्र शास्त्र लपवीत नाही. देवाने काय केले ते क्रमाने पाहू.

पहिले, त्याला झोपू दिले आणि खाऊ घातले. एकदा नव्हे, दोनदा. उपदेश नाही, दटावणी नाही. भाकर, पाणी आणि पुढची वाट फार लांबची आहे ही जाणीव, एवढेच. आजचा समुपदेशकही झोप कशी लागते, जेवण जाते काय, हे पहिल्याच भेटीत विचारतो.

दुसरे, होरेबात त्याला प्रश्न विचारला : तू येथे काय करीत आहेस? सर्वज्ञ देवाला उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. एलीयाला ते बोलण्याची गरज होती.

तिसरे, एलीयाने गाऱ्हाणे सांगितले (वचन १०). वारा, भूकंप व अग्नी होऊन गेल्यावर आणि तो मंद वाणी झाल्यावर देवाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि एलीयाने तेच गाऱ्हाणे जवळजवळ शब्दशः पुन्हा सांगितले (वचन १४). हे तर मघाशीच सांगितलेस, असे देव म्हणाला नाही. शोक झालेले माणूस तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. आपण तिसऱ्या वेळी कंटाळतो.

चौथे, एलीयाच्या गाऱ्हाण्यात एक चूक होती. मी एकटाच उरलो, असे तो म्हणत होता. बालापुढे गुडघा न टेकलेले सात हजार शिल्लक होते. देवाने ही चूक दुरुस्त केली, पण अगदी शेवटी (वचन १८). त्याआधी त्याला पुढचे काम नेमून दिले आणि अलीशा हा सोबती दिला.

विश्रांती, प्रश्न, ऐकणे, पुन्हा ऐकणे, काम, सोबत, आणि मग चुकीची दुरुस्ती : असा हा क्रम आहे. आपण बहुधा दुरुस्तीपासून आरंभ करतो.

५. एक नमुना

शिक्षकांना वर्गात वाचून दाखविता यावा म्हणून येथे एक कल्पित संवाद देत आहोत. बावीस वर्षांचा एक तरुण उपासनेनंतर मंडळीच्या वडिलांना म्हणतो, "काका, मला हल्ली प्रार्थना करावीशीच वाटत नाही."

एका प्रकारचे उत्तर असे : "अरे, असं बोलू नये. सैतान अशाच वेळी गाठतो. पहाटे उठून गुडघ्यांवर ये, सगळं ठीक होईल." मुलगा "हो काका" म्हणतो आणि जातो.

दुसऱ्या प्रकारचे असे :

"करावीशी वाटत नाही. कधीपासून रे?"

"आई गेल्यापासून."

काका काही बोलत नाहीत. बाकावर बसतात, त्यालाही बसायला जागा करतात.

"ती आजारी होती तेव्हा सगळ्यांनी उपास धरला. मी तर सगळ्यांना सांगत फिरत होतो, आई बरी होणार म्हणून."

"तू सगळ्यांना सांगितलंस. आणि ती गेली."

"हो. आता प्रार्थनेला बसलं की राग येतो. आणि देवाचा राग आला म्हणून भीती वाटते. हे कुणाला सांगायचं?"

दोन्ही काका प्रेमळच आहेत. पण पहिल्यांना वाटले की मुलगा आळसावला आहे. दुसऱ्यांना कळले की तो शोकात आहे, रागात आहे आणि त्या रागाची त्याला भीती वाटते. दुसऱ्यांनी फार थोडे शब्द वापरले. "का" हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, "कधीपासून" असे विचारले. कारण "का" म्हटले की माणूस आपली बाजू मांडू लागतो. आणि मुलाने "आई" म्हटल्यावर ते गप्प राहिले. ती शांतता मोकळी सोडल्यामुळेच पुढचे वाक्य आले.

६. मग वचन केव्हा सांगावे?

काही वाचक म्हणतील, आम्ही नुसते ऐकतच बसावे काय? नाही. अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने शास्त्राचा उलगडा केला, आणि शिष्यांची अंतःकरणे पेटली. पण लूक २४ मध्ये वचन १७ पासून २४ पर्यंत कोण बोलत आहे ते पाहावे. प्रभू दोन लहानसे प्रश्न विचारतो आणि ते दोघे त्याला सगळी हकीगत सांगतात. जी हकीगत त्याच्याच मरणाची आहे, ती तो त्यांच्या तोंडून शेवटपर्यंत ऐकून घेतो. त्यांच्या आशा कशा मोडल्या हे त्यांनी बोलून दाखविल्यावर मग, पंचविसाव्या वचनापासून, तो बोलू लागतो.

वरील तरुणाला आता वचन सांगता येईल, कारण आता कोणते सांगावे हे कळले. पहाटे उठण्याविषयीचे नव्हे. स्तोत्र १३ किंवा ८८. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर आशेच्या शब्दावाचून, अंधारातच संपते, आणि तरी ते देवाच्या पुस्तकात प्रार्थना म्हणून ठेवलेले आहे. रागावलेला माणूसही प्रार्थना करू शकतो, हे त्याला त्या दिवशी कळले तर त्याची प्रार्थना कदाचित तेथेच पुन्हा सुरू होईल.

७. समुपदेशकाची रीत आणि आपल्या मर्यादा

समुपदेशकाच्या खोलीत भेटीची वेळ व जागा ठरलेली असते. भेट साधारण पाऊण ते एक तास चालते आणि बहुधा आठवड्यातून एकदा होते. आरंभीच तो सांगतो की येथील बोलणे बाहेर जाणार नाही, आणि कोणत्या प्रसंगी ते सांगावे लागेल हेही सांगतो. पुढे काय साधायचे हे दोघे मिळून ठरवितात. स्वतःच्या कामाविषयी तो अधिक अनुभवी समुपदेशकाचा सल्ला घेत राहतो. पद्धती अनेक आहेत, आणि सर्वांना एकच लागू पडत नाही. नुसते ऐकणे पुरेसे नसून विशिष्ट उपाय किंवा औषधे लागतात असे आजारही आहेत. तथापि पद्धत कोणतीही असो, दोघांमध्ये विश्वासाचे नाते जुळले तर गुण येण्याचा संभव वाढतो, असे संशोधनात वारंवार दिसून आले आहे.

यावरून आपल्यासाठी चार नियम :

पहिला, गुप्तता. आपल्या मंडळ्या लहान आहेत. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी घरे आहेत. अशा ठिकाणी गुपित फुटते ते बहुधा चहाडीच्या रूपाने नव्हे, तर प्रार्थनेच्या विषयाच्या रूपाने. "अमक्या बहिणीच्या घरच्या परिस्थितीसाठी प्रार्थना करू या" एवढे म्हटले की पुरे. तिने परवानगी दिल्यावाचून तिचा विषय मोठ्याने घेऊ नये. देवाला तो बंद खोलीतही ऐकू येतो.

दुसरा, औषध. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या विश्वासाच्या नावाखाली बंद करावयास कोणासही सांगू नये. पौलाने तीमथ्याला त्याच्या पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले (१ तीमथ्य ५:२३). त्याच्या विश्वासावर शंका घेतली नाही. झोप उडणे, कानात आवाज येणे, आठवडेच्या आठवडे अंथरुणातून न उठणे, अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जावे. प्रार्थना करीत जावे, पण जावेच.

तिसरा, जिवाचा धोका. कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलले तर विषय बदलू नये. जीव देण्याचे विचार मनात येतात काय, असे शांतपणे, स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. पुष्कळदा विचारल्यानेच भार हलका होतो. त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातील विश्वासू व्यक्तीला बोलवावे व वैद्यकीय मदत घ्यावी. येथे गुप्ततेपेक्षा जीव मोठा. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते व तेथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे जीव देण्याचा प्रयत्न केलेला मनुष्य तीव्र तणावाखाली होता असे मानून त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यावयाचे आहेत. कायद्याने जी दया दाखविली तीपेक्षा मंडळीची जीभ कठोर नसावी.

चौथा, मुले. अठरा वर्षांखालील मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर ते पोलिसांना कळविणे २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. "आपल्यातच मिटवू" हा मार्ग येथे नाही, मग संबंधित मनुष्य मंडळीत कितीही मोठा असो. शिक्षकाने मुलाला "हे कुणालाच सांगणार नाही" असे वचन कधीही देऊ नये. "तुला मदत होईल अशाच माणसांना सांगेन" असे म्हणावे. मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक १०९८ आहे.

८. आपल्या मंडळ्यांना असलेली एक संधी

आपल्यातील पुष्कळ लोक घरी व देवळात मराठी बोलतात आणि बाहेर दुसरी भाषा. बेळगावात कचेरीचा कागद कन्नडात, इंदूर-ग्वाल्हेरला व्यवहार हिंदीत, बडोद्याला गुजरातीत, हैदराबादेत तेलुगू वा उर्दूत. आणि मोठ्या डॉक्टरांपुढे बसले की इंग्रजी. या भाषांत ताप किती दिवस आहे हे सांगता येते. "जीव घाबराघुबरा होतो," "मन कशातच रमत नाही," "आतल्या आत तुटतं" हे मात्र आईच्या भाषेतच निघते. एखाद्या वृद्ध मावशींच्या दृष्टीने आठवड्यातून त्यांचे मराठी सावकाश ऐकणारी जागा देऊळ ही एकच असेल. तेथेही सर्वांना घाई असेल तर त्यांनी कोठे जावे? तज्ज्ञ होणे सर्वांना शक्य नाही; पण उपासनेनंतर अर्धा तास बाकावर बसून राहणारे दोन भाऊ आणि दोन बहिणी प्रत्येक मंडळीला मिळू शकतात. पुरुषांचे पुरुषांनी, बहिणींचे बहिणींनी ऐकावे, चार लोकांच्या नजरेसमोर पण कानांपासून दूर बसावे, एवढी सावधगिरी पुरे.

शिक्षकांसाठी सूचना

वर्गात दोघादोघांच्या जोड्या कराव्यात. एकाने तीन मिनिटे आपल्या आठवड्याविषयी बोलावे. दुसऱ्याने सल्ला, वचन वा स्वतःचा अनुभव यांपैकी काहीही न सांगता फक्त ऐकावे व शेवटी ऐकलेले आपल्या शब्दांत सांगून "असेच ना?" असे विचारावे. मग अदलाबदल करावी. तीन मिनिटे गप्प राहणे किती कठीण आहे हे कळले की अर्धा पाठ शिकविला गेला असे समजावे. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले (ईयोब २:१३). त्यांच्या चुका ते बोलू लागल्यावर सुरू झाल्या, हे मुलांना जरूर दाखवावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. १ शमुवेल १:९-१८ वाचा. हन्नेविषयी एलीने पहिला समज कशावरून करून घेतला? तो चुकीचा ठरल्यावर तो कसा वागला?
२. मार्था व मरीया यांपैकी आपण स्वतः कोणासारखे आहोत? आपल्या दुःखात लोकांनी आपल्याशी कसे वागावे असे आपल्याला वाटते?
३. पापाला पाप म्हणणे आणि पाप्याला आदर देणे, ही दोन्ही एकाच वेळी कशी साधावीत? जक्कयाच्या गोष्टीवरून सांगा.
४. आपल्या मंडळीत प्रार्थनेचे विषय घेताना कोणती काळजी घेतली जाते? कोणती घ्यावी?
५. आपल्या गावात मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक कोठे आहेत? त्यांचे पत्ते मंडळीच्या कचेरीत ठेवता येतील काय?

प्रार्थना

हे प्रभू, तू आमचे गाऱ्हाणे पहिल्यांदा ऐकलेस आणि दहाव्यांदाही ऐकलेस. आमच्या जिभेला धीर दे आणि आमच्या कानांना प्रीती दे. या आठवड्यात आमच्या दाराशी थांबणाऱ्या माणसाला त्याचे तिसरे वाक्य बोलता यावे, इतका वेळ आम्हांला थांबव. जेथे आमचे हात पुरत नाहीत तेथे जाणत्या हातांकडे त्याला नेण्याची नम्रता दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.